पद्माक्कांची फणी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या पद्माक्का उवा मारत नाहीत. पकडतात आणि सोडून देतात. मांडीवर पांढरं फडकं, हातात लाकडी फणी, पुढ्यात शेजारपाजारच्या कुठल्यातरी बाईचं डोकं आणि तोंडात एकच वाक्य, "हालू नको, जीव हाय तिला." केस आपले ओढले जात असतात आणि काळजी उवेची चाललेली असते.

मला उवा झाल्या तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली, बँकेत काउंटरवर बसणारी बाई होते. औषधाच्या दुकानात गेले तर दुकानदारानं सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पोरीच्या डोक्याला काय, मॅडम?" मी हो म्हणाले. मला पोरगी नाही, दोन मुलगे आहेत. घरी नवऱ्यानं उशी उचलून हॉलमध्ये मुक्काम हलवला. मुलं माझा टॉवेल चिमटीत धरून लांब ठेवायची. सासूबाईंनी गडमुडशिंगीहून फोनवर रॉकेल सुचवलं. सल्ला घरादारानं दिला, डोक्याला हात कुणी लावला नाही.

पद्माक्कांनी मला जिन्यात डोकं खाजवताना पकडलं.

"किती दिस झालं लपवून?"

"अक्का, या वयात कुणाला सांगायचं?"

"मोठ्या बाईला हुत न्हाईत व्हय? बस हितं, मी काढतो. आणि रॉकेल लावलीस तर बग. डोकं पेटवून घेतीस काय?"

डोकं भरून खोबरेल तेल. मग एकेक बट मुळापासून टोकापर्यंत विंचरायची, फणी फडक्यावर पुसायची, पुढची बट घ्यायची. शेवटी, "आठ दिसांनी परत ये. लिखा राहत्यात, त्या फुटत्यात." मग फडक्याची पुरचुंडी घेऊन त्या खाली उतरायच्या आणि कंपाउंडातल्या कडुलिंबाच्या बुंध्याशी हळूच झटकायच्या.

"अक्का, डोक्यावरून उतरली की ऊ दोन दिवसांत मरतेच," मी एकदा शहाणपणा केला.

"मरू दे की. आपल्या मरणानं मरंल. माझ्या नखाखाली कशाला?"

अक्का जैन, शिरोळकडच्या. त्यांच्या या अहिंसेवर आम्ही बायका पोटभर हसायचो. हसून झालं की डोकं घेऊन त्यांच्याच दारात जायचो.

त्यांचा हात बसला होता तो सुजाताच्या केसांवर. सुजाता त्यांची एकुलती एक. कमरेखाली वेणी. कॉलेजात शिकवायला लागली तरी रविवारी आईपुढं मांडी घालून बसायची. नवरा गेल्यावर अक्कांचा आठवडा त्या रविवारावर चालायचा. त्या स्थळं बघत होत्या आणि सुजातानं दीक्षा घेतली. आर्यिका, म्हणजे जैन साध्वी झाली, घर सोडलं. सगळी कॉलनी अक्कांना भाग्यवान आई म्हणून हार घालून आली. माणसाला एकदा भाग्यवान ठरवलं की त्याला रडायची सोय राहत नाही. त्या हारांचा मला अजून राग येतो. त्यानंतरच अक्कांनी दुसऱ्यांची डोकी गोळा करायला सुरुवात केली.

मागच्या हिवाळ्यात सुजाताचा संघ जयसिंगपूरला आला. तिचा केशलोच होता. अक्कांनी मला सोबत नेलं.

"केस वाढलं की उवा, उवा झाल्या की हिंसा. म्हणून आपल्या हातानं उपटून टाकायचं," एसटीत त्यांनी मला समजावलं. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "पर एकदा तिच्या डोक्याला हात लावाय मिळाला पाहिजे बग."

मंडपात पांढऱ्या साडीतली सुजाता बोटांना राख लावून स्वतःचे केस उपटत होती. चेहऱ्यावर आठी नव्हती. बायका स्तोत्र म्हणत होत्या. केस झेलायचा मान आईला दिला होता, त्यामुळं अक्का फडकं पसरून अगदी जवळ बसल्या होत्या. कानामागची एक बट हाताला येईना, तसा अक्कांचा हात आपसूक वर गेला.

"असू दे. माझं मलाच करायचं आहे," सुजाता हळू म्हणाली.

हात परत फडक्यावर आला. "वंदामि, माताजी," अक्का आपल्या पोरीला म्हणाल्या.

कार्यक्रम संपल्यावर केस स्वयंसेवकांकडं द्यायचे होते. देण्याआधी अक्का मंडपामागं उजेडात गेल्या, फडकं उघडलं आणि एकेक पुंजका बोटांनी विसकटून बघितला. मी शेजारी उभी होते.

"एक बी न्हाय ग," त्या म्हणाल्या. "लिख सुदिक न्हाय." दुसऱ्या कुठल्या आईला हे ऐकून हायसं वाटलं असतं. अक्कांचा चेहरा नोकरीवरून काढून टाकल्यासारखा झाला होता.

परतीच्या एसटीत हातकणंगले मागं पडल्यावर त्यांची बोटं माझ्या केसांत शिरली आणि भांग पाडत मुळाशी शोधू लागली. माझं डोकं केव्हाच साफ झालं होतं, आणि ते त्यांच्याच हातानं झालं होतं.

"अक्का, लोक बघायला लागलेत."

"बघू देत."

पलीकडच्या सीटवरची बाई पदर आवरून लांब सरकली. मी मान खाली घातली आणि कोल्हापूर येईपर्यंत हलले नाही.