लटकून सांगणारे टिपणीस काका

टिपणीस काका आमच्या कंपनीत पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना "बसा" म्हटलं. ते बसले नाहीत, लटकले.

खरंच सांगते. आमच्या गोडाउनच्या छताला लिफ्टची मोटर उचलायचा एक जाडजूड हुक आहे. काकांनी तो आल्याआल्या हेरला. पिशवीतून पट्ट्यांचं एक जंजाळ काढलं, शर्टावरून चढवलं, शिपायाला स्टूल धरायला लावलं, दोर हुकात अडकवला आणि स्टुलावरून पाय काढून घेतले. शहाऐंशी किलोचा, पासष्टीचा, नाकावर चष्मा असलेला गृहस्थ माझ्यासमोर हवेत गोल गोल फिरत होता आणि प्रत्येक फेरीला तोंड माझ्याकडे आलं की एकेक वाक्य बोलत होता.

"नमस्कार मॅडम. मी शरद टिपणीस." एक फेरी. "सेफ्टीचा माल पुरवतो." दुसरी फेरी. "लटकून सांगतो, पट्टा एक नंबर आहे!"

दुसरा कुणी शपथेवर सांगतो, गळ्याला हात लावून सांगतो. काका लटकून सांगतात.

माझी ओळख एवढीच की मी पुण्याची, नाव केतकी. नवरा केंद्र सरकारात, त्यामुळे राहायला दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरला. आणि मी नोएडातल्या एका लिफ्ट बसवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या छोट्या कंपनीत खरेदी बघते. आमचे चाळीस मेकॅनिक. लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, कुठल्या तरी अकराव्या मजल्यावर, लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करणारी ही माणसं. त्यांचे हेल्मेट, हातमोजे आणि पडू नये म्हणून अंगावर बांधायचे पट्टे घेणं माझ्याकडे. आणि ते विकणं काकांकडे. निदान मला तसं वाटत होतं. प्रत्यक्षात काकांइतका विकायला नाखूष दुकानदार मी करोल बागेतच काय, अख्ख्या दिल्लीत पाहिला नाही.

पहिलीच ऑर्डर दिली, चाळीस पट्टे, फ्री साइज. काकांचा फोन.

"मॅडम, नावं पाठवा."

"कसली नावं?"

"घालणाऱ्यांची. फ्री साइज म्हणजे कुणाचीच साइज नाही. मी माप घ्यायला येतो."

"अहो काका, हार्नेस आहे, ब्लाउज नाही!"

पण ते आलेच. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. चाळीस जण रांगेत उभे. "हात वर. पोट आत नको घेऊ, तिकडे काय फोटो काढणार आहेत का तुझा?" आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक रामवीर, बुलंदशहरचा, काडीपैलवान पण जीभ तिखट. तो म्हणाला, "सर, शादी का सूट थोड़ी सिल रहा है!"

काका टेप न सोडता म्हणाले, "सूट ढीला हो तो फोटो बिगड़ता है. यह ढीला हो तो..." आणि बोटानं फक्त जमीन दाखवली. रामवीरनं मुकाट्यानं दंड वर केले.

जमिनीशी त्यांचं काही वैर नव्हतं बरं का. "जमीन चांगलीच आहे," ते म्हणायचे, "पण ती सावकाश भेटावी."

त्यांच्या वडिलांचं करोल बागेत गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. काका सीट कव्हरवरून सीट बेल्टवर आले आणि तिथून लिफ्टच्या पट्ट्यांवर. लग्न केलं नाही. दुकानाच्याच वर, दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि गंमत म्हणजे त्या इमारतीला लिफ्टच नाही. घरात देव्हारा कोपऱ्यात आणि हुक मध्यभागी, तोही छतात गर्डर टाकून बसवून घेतलेला. नवीन पट्टा आला की आधी स्वतः लटकणार, मग विकणार.

बाहेर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. लग्नात सगळे नवरानवरीकडे बघतात, काका झुंबराच्या हुकाकडे. कुठल्याही लिफ्टचं दार उघडलं की त्यांचा हात रेल्वेच्या फाटकासारखा आपल्यापुढे आडवा होतो. "आधी डोळे, मग पाय! लिफ्ट आहे का बघा, मग आत जा." मेट्रोच्या लिफ्टपाशी एकदा एका अनोळखी पंजाबी आजींना त्यांनी असं अडवलं, तर आजींनी त्यांना यथेच्छ सुनावलं. काका शांतपणे ऐकत राहिले, आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "अब जाइए, माताजी. है लिफ्ट."

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात तर त्यांनी कहरच केला. तोरण बांधायला शिडीवर चढलेल्या सेक्रेटरीला खाली उतरवलं, पट्टा घालायला लावला, शिडी धरायला दोघं उभे केले. आरती अर्धा तास खोळंबली. सेक्रेटरी चिडून म्हणाले, "टिपणीस, बाप्पा आहे ना बघायला!" काका म्हणाले, "बाप्पा आहेतच हो. पण त्यांनासुद्धा आपण दोन्ही हातांनी धरूनच आणतो ना?"

एकदाच आमचं भांडण झालं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी घडीची पट्टी येते. माणूस पडून अधांतरी लटकला, तर मांड्यांवर पट्टे आवळतात आणि पायातलं रक्त तुंबतं. तेव्हा ती पट्टी सोडायची, तिच्यात पाऊल घालायचं आणि उभं राहायचं, कुणी येईपर्यंत. मी यादीतून ती पट्टी खोडली. म्हटलं, जास्तीची चैन कशाला! काका तडक उठले. माझ्याकडचा चहासुद्धा घेतला नाही. पट्टे आले तेव्हा सगळ्यांना पट्ट्या लावलेल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "तुम्ही मागवल्या नाहीत मॅडम, मी पाठवल्या. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

चार वर्षं झाली तरी मी "मॅडम"च होते आणि "अहो"च होते. मी किती वेळा म्हटलं, काका, मी तुमच्या मुलीसारखी, अगं म्हणा. म्हणायचे, "धंद्यात बरं नाही दिसत."

आणि आता त्यांचा सगळ्यात मोठा छंद सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

काकांचा पट्टा घेतला की एक अट. काम संपवून खाली जमिनीवर पाय लागला की काकांना मेसेज करायचा. एकच शब्द, उतरलो. हिंदीवाले लिहिणार, उतर गया. मिनिटाच्या आत उत्तर येतं, "शाब्बास. चहा घ्या." आमचे चाळीस, आणखी दोन-तीन कंपन्यांचे मिळून साठ-सत्तर. रोज संध्याकाळी सहाला काकांचा फोन पोपटासारखा बडबडायला लागतो. वहीत प्रत्येकाचं नाव, पुढे टिक. ज्याची टिक राहिली त्याला फोन. एकदा एक पठ्ठ्या मेसेज न करता सिनेमाला गेला, तर मध्यंतरात काकांनी त्याला इतकं झापलं की शेजारच्या रांगेनंही ऐकलं. साइट तपासायला लिफ्टच्या टपावर चढावं लागतं म्हणून मलाही ते लागू होतं. सुरुवातीला मला वैताग यायचा. हजेरी आहे का ही? मग हळूहळू त्या शाब्बासची सवयच लागली. घरी नवऱ्यानं कधी मला शाब्बास म्हटल्याचं आठवत नाही.

मी त्यांना एकदा विचारलं, "काका, आम्ही सगळे तुम्हाला कळवतो. तुम्ही कुणाला कळवता?"

"मला कोण विचारतंय? मी जमिनीवरचा माणूस," असं म्हणून ते हसले होते. मीही हसले होते.

तर तो सोमवार. करोल बागेतला बाजार सोमवारी बंद. मी आणि रामवीर जवळच पटेल नगरला एका नव्या इमारतीत होतो. सहाला उतरलो. मी मेसेज केला, रामवीरनंही केला. पाणी प्यायलो, सामान आवरलं. रामवीर फोनकडे बघत म्हणाला, "मैडम, आपका शाबाश आया?"

"नाही. तुझं?"

"नहीं आया."

दहा मिनिटं झाली. रामवीरनं नोएडाला दोघांना विचारलं, गुडगावला एकाला. कुणालाच शाब्बास नाही. काकांचा फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाहीत. चार वर्षांत त्या माणसाचं उत्तर एक दिवस चुकलं नव्हतं, तापानं फणफणलेला असतानासुद्धा.

"चलो," रामवीर म्हणाला. आम्ही समोर आली ती ऑटो पकडली. नेहमी मी भाव केल्याशिवाय ऑटोत पाय ठेवत नाही. त्या दिवशी भाव न विचारताच बसले.

बाजार बंद, शटर सगळी खाली, जिन्यात चिटपाखरू नाही. काकांच्या मजल्यावर बाकी सगळी गोडाउनं. धावत दुसऱ्या मजल्यावर गेलो. मी दार बडवलं, "काका! काका!"

आतून अगदी शांत आवाज आला. "दार उघडंच आहे. पण आत येऊन हसायचं नाही."

दार ढकललं. खोलीच्या मध्यभागी, छताला, टिपणीस काका. स्टूल कलंडून पार कपाटाखाली गेलेलं. अंगावर कोरा पट्टा, बाजूची ती पट्टी सोडलेली आणि तिच्यात एक पाऊल घालून काका बगळ्यासारखे उभे होते, हवेत. चष्मा खाली पडलेला. हात पुरणार नाही अशा अंतरावर टेबल आणि टेबलावर फोन. तो अजूनही मधूनमधून वाजत होता.

रामवीरनं त्यांना कमरेला मिठी मारून उचलून धरलं, मी स्टूल ओढून पायाखाली दिलं, दोर सोडवला. खुर्चीत बसवलं. रामवीर खाली बसून त्यांच्या पोटऱ्या चोळायला लागला आणि तोंडानं दांडपट्टा चालू. "अकेले नहीं लटकते सर! किसने सिखाया था हमको? आपने! और खुद?"

"नवीन माल आला होता मॅडम," काका माझ्याकडे बघत पुटपुटले. "उद्या तुम्हाला दाखवायचा होता. आज दुकानात कुणी नाही. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम. पण स्टूल गेलं. पावणेसहा झाले होते."

मी घड्याळ बघितलं. साडेसहा होऊन गेले होते. पाऊण तास! आणि ज्या पट्टीवर हा माणूस पाऊण तास तगून राहिला, ती मी चैन म्हणून खोडली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ओरडायचं तरी होतं ना!" मी डाफरले. डाफरता डाफरता रडूच फुटलं.

"ओरडू कसा? टिपणीस स्वतःच्याच पट्ट्यात अडकला म्हणून बोभाटा झाला असता. आणि खाली ऐकणार कोण?" मग फोनकडे बघून म्हणाले, "शिवाय सहा वाजले आणि तुमचे मेसेज यायला लागले. आवाजावरून मोजत होतो. आमच्या वहीत आज चौसष्ट नावं. चौसष्ट वाजले. म्हटलं, चला, सगळे उतरले. आता आपलं बघू."

मी चहा करायला आत गेले. ओट्यावर एक कप होता. एकच. मांडणीत एक ताट, एक वाटी, एक भांडं. तीन माणसांचा चहा मी कप, वाटी आणि भांडं असा वाटून आणला.

भांड्यातला चहा फुंकत काका म्हणाले, "आई होती ना, तोवर मी माप घ्यायला कुठंही गेलो तरी काम आटपलं की फोन करायचो, निघालो गं. ती म्हणायची, ये, चहा टाकते. ती गेली त्या संध्याकाळी मी फोन हातात घेऊन उभा. आता कळवायचं कुणाला? सवय मोडेना. मग म्हटलं, आपल्याला कळवायला कुणी नाही, तर निदान आपल्याला तरी लोकांनी कळवावं."

रामवीरला मराठी येत नाही. पण त्याचे हात पोटरीवर थांबले होते.

मी टेबलावरचा फोन उचलून काकांच्या हातात दिला. "काका, चौसष्ट माणसं शाब्बासची वाट बघतायत. त्यांना कळवा."

"काय कळवू?"

"तुम्हाला माहितीय काय कळवायचं."

त्यांनी चष्मा लावला. एक शब्द टाइप करायला केवढा वेळ घेतला त्या माणसानं! आणि सगळ्यांना पाठवला. उतरलो.

मिनिटभर काही नाही. मग फोन असा काही थरथरायला लागला की काकांच्या हातातून सुटतोय की काय असं वाटलं. शाबाश सर. शाबाश सर, चाय पियो. शाब्बास. शाबाश. काका एकेक वाचत होते आणि खुर्चीत हसत होते आणि चष्मा पुसत होते. रामवीरनं तर समोर बसून फोन काढला आणि तिथूनच शाबाश पाठवलं.

तेव्हापासून नियम बदलला. एकट्यानं लटकणं बंद. नवीन माल आला की काका आमच्या गोडाउनला येऊन, शिपायाला स्टूल धरायला लावून लटकतात. मी आता यादीतलं काही खोडत नाही. आणि रोज रात्रीच्या जेवणाआधी, दुकान बंद करून जिना चढून घरात पाय ठेवला की काकांचा मला मेसेज येतो, "पोचलो". मी जिथं असेन तिथून लिहिते, "शाब्बास. चहा घ्या."

गेल्या आठवड्यात मी सरोजिनी नगरच्या बाजारात एका कुर्त्यावरून हातघाईवर आले होते. दुकानदार हटेना, मी हटेना. मेसेज आल्याचं कळलं, पण म्हटलं, बघू नंतर. पाच मिनिटं झाली असतील. फोनच वाजला. पलीकडून काकांचा आवाज, चांगलाच रागावलेला.

"अगं, कुठं आहेस? माझं शाब्बास राहिलंय!"