घड्याळजींची मान सर जाहली त्याची हकीकत

सर्व घटिका ज्याचे हाती, त्या परमेश्वरास नमन करून घड्याळजींची मान कैसी सर जाहली, ती हकीकत लिहिली जाते ऐसी जे –

घड्याळजी, उमर एकसष्ट, चाळीस साल डोळ्यास भिंग लावून मेजावर वाकले, तेणेकरून मान पुढे निघाली आणि खांदे छातीवर चालून आले. चौकातील मनोऱ्याचे मोठे घड्याळ खाशांचेच निगराणीत. परंतु आता मान वर होईना. मग नगरपालिकेचे कचेरीचा खलिता दाखल जाहला कीं, महिन्याभरात सरळ वर पाहून दाखवावे, नपेक्षां मनोरा दुसऱ्याचे हवाली होईल.

मग त्यांचे कुटुंबाने मसलत करून खाशांस फिजिओथेरपीवाल्या बाईंचे दवाखान्यात रवाना केले. बाईंचा हुकूम सुटला कीं, उताणे पडावे आणि मान आमचे हाती सोडावी. मग बाईंनी मानेचे मुळाशी अंगठे रोवून गाठींवर हल्ला केला आणि छातीचे आखडले स्नायू ताणून खांदे मागे हटविले. परंतु ऐन लढाईत घड्याळजींची मान ताठ होई आणि जिंकला मुलूख हातचा जाई. ऐसे तीन वेळा जाहले.

"काका, मान सोडा!"

"सोडलीय की!"

"ही सोडलेली? मग आवळलेली कशी असते?"

चौथे खेपेस कुटुंब जातीने हजर राहिले आणि क्षणात त्यांस फितुरी उमगली.

"अहो बाई, यांचा कान त्या भिंतीवर आहे. तुमचं घड्याळ लंगडतंय ना!"

"दर सातवा ठोका चुकतो," घड्याळजी पडल्या पडल्या वदले.

मग कुटुंब स्टुलावर चढले आणि घड्याळाचा सेल काढून पर्समध्ये कैद केला. टिकटिक थांबली, आणि मान आपसूक बाईंचे ओंजळीत आली. पुढे सकाळ-संध्याकाळ हनुवटी मागे घेण्याची कवाईत चालली. बाईंचे अंगठ्यांनीही उसंत घेतली नाही.

मुदतीचे दिवशी कचेरीचे साहेब मनोऱ्याखाली उभे राहिले. घड्याळजींनी खांदे मागे घेतले, आणि मान हळूहळू वर गेली, आणि नजर थेट काट्यांस भिडली.

"चार मिनिटं मागे आहे," खासे बोलिले, आणि शिडी चढू लागले.

ऐसा मनोरा खाशांकडे कायम जाहला. दवाखान्याचे घड्याळही दुरुस्त जाहले; मात्र घड्याळजी उताणे पडताच त्याचा सेल कुटुंबाचे पर्समध्ये जमा व्हावा, ऐसा तह ठरला, तो उभयपक्षीं आजही पाळला जातो. इति.