खारवलेला बादशहा

राजाविरुद्ध प्रजा का उठते, याची कारणे विद्वानांनी ठरवून दिलेली आहेत: जुलूम, जबर कर आणि दुष्काळ. ही तिन्ही कारणे आमच्या लीतांग गावात पिढ्यान्‌पिढ्या उत्तम स्थितीत होती आणि कोणी उठले नाही. आमच्याकडे क्रांती झाली ती तारेमुळे. प्रांताच्या राजधानीहून तार आली: 'बादशाही संपली. आपल्या गावी क्रांती झाली असल्यास कळवावे.' अंमलदार फानसाहेबांनी ती वाचली, हातातला चहा संपवला आणि उलट तार केली: 'झाली.'

बाकीचे सोपस्कार मागाहून पार पडले. फानसाहेब बादशाही अंमलदार होते ते क्रांती समितीचे अध्यक्ष झाले. त्यासाठी त्यांना खुर्चीतून उठावेसुद्धा लागले नाही. क्रांतीचे निशाण पांढरे असते असे कळल्यावर माझ्या पलंगावरची चादर नेण्यात आली (अद्याप परत नाही). ती वेशीवर बांधताना कारकून यान शिडीवरून पडला, त्यामुळे क्रांतीला लागणारा जखमीही मिळाला. यानला पदक दिले. माझ्या मते ते शिडीला द्यायला हवे होते. पण मला कोण विचारतो? मी गल्लीच्या तोंडाशी गरम पाण्याची भट्टी चालवणारी बाई. लोक किटल्या घेऊन येतात, पाणी नेतात, जाता जाता बोलून जातात.

शिवाय माझे लक्ष दुसरीकडे होते. माझा नवरा तुरुंगात होता.

आमचे हे कालव्यावर बदके राखत. कळपाचा म्होरक्या एक लठ्ठ नर होता. स्वतः काही करायचा नाही, नुसता ओरडायचा, आणि बाकीची बदके त्याच्या मागे. ह्यांनी त्याचे नाव ठेवले बादशहा. थंडी पडली तसा रीतीप्रमाणे बादशहा कापला, मीठ चोळून वळचणीला टांगला आणि नववर्षाच्या बाजारात मांडला. ह्यांचा गळा पहिल्यापासून मोठा. "घ्या हो, बादशहा घ्या! मानेकडचा भाग स्वस्तात!" गावाने बादशहा हाडांसकट संपवला. लूकाकूंनी तंगडी नेली, न्हावी वेईने पंख. छाती फानसाहेबांच्या स्वयंपाकघरात गेली (मीठ जरा पुढे होते, असा निरोप आला). जेवण झाल्यावर शिपाई आले आणि ह्यांना राजद्रोहाखाली धरून नेले. शिक्षा ठरली: बादशहाची माफी येईपर्यंत कैद.

थोडक्यात, देशाने जे शरद ऋतूत केले ते आमच्या ह्यांनी त्याआधीच्या हिवाळ्यातच उरकले होते. म्हणून तार आली त्या दिवशी मी दोघांचा भात टाकला. रात्री तो एकटीनेच खाल्ला. मग वाटले, विचारून यावे.

इथे क्रांतीच्या परिणामांकडे वळणे भाग आहे. पहिला परिणाम म्हणजे गुडघे टेकणे बंद. पूर्वी कचेरीत अर्जदार फरशीवर गुडघे टेकून, कपाळ टेकून बोलत. नवा हुकूम असा की नागरिकाने ताठ उभे राहून बोलावे. हुकूम सुंदर होता. अडचण फानसाहेबांची होती. ते मुळात बुटके, त्यात बसलेले. ताठ उभा राहिलेला नागरिक त्यांच्याकडे वरून पाहू लागला, आणि ते कुठल्याच हुकुमात नव्हते. समितीने यावर मोठ्या समजुतीने तोडगा काढला. खुर्चीसमोरच्या फरशा उचलून कमरेइतका खड्डा खणला. नागरिक त्यात उतरून ताठ उभा राही. स्वातंत्र्यही राहिले आणि डोक्यांची पूर्वीची पातळीही. शिवाय खड्ड्यात वारा लागत नाही, याचा उल्लेख क्वचितच होतो. (पहिल्याच दिवशी खू आजोबांनी सवयीने खड्ड्यात गुडघे टेकले आणि ते दिसेनासे झाले. अर्जदार गैरहजर म्हणून त्यांचा अर्ज निकाली निघाला.)

मी गेले तेव्हा पाऊस होऊन गेला होता. लहानपणी बांधलेल्या माझ्या पायांनी खड्ड्यात उतरणे म्हणजे तारेवरची कसरत. यानने हात दिला. "या शेनवहिनी, सांभाळून उतरा. तळाशी बेडूक आहे, पण तो काही करत नाही."

"पदक छान दिसतंय हो," मी म्हणाले. "कंबर कशी आहे?"

"दुखते. पण देशासाठी."

फानसाहेब बेडकाकडे बघत म्हणाले, "बोला, नागरिक शेन."

"बादशहा गेला साहेब. आता आमच्या माणसाला सोडा."

"सोडलंच असतं. पण शिक्षा काय आहे? बादशहाची माफी येईपर्यंत. आणि बादशहा तर उरला नाही. आता माफी आणू कुठून?"

"पण त्यांनी केलं तेच तर देशाने केलं."

"देशाने तार आल्यावर केलं," फानसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुमच्या नवऱ्याने न विचारता केलं. माणूस वाईट नाही हो. बदक चांगलं होतं. मीठ तेवढं..."

पाणी माझ्या घोट्यापर्यंत आले होते. मी म्हणाले, "परवा वेशीवर भाषण केलंत. आता प्रजाच राजा, असं म्हणालात ना?"

"म्हणालो. टाळ्याही पडल्या."

"मग मी राजा. मी माफ केलं."

फानसाहेबांनी यानकडे पाहिले, यानने मण्यांची पाटी ओढली आणि बराच वेळ मणी सरकवले. "वहिनींचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे साहेब. राजे एकूण चाळीस कोटी. त्यांतल्या एकाची माफी आली."

"तेवढ्यात किती माणूस सुटतो?"

यानने पुन्हा मणी सरकवले. "साधारण केसभर."

"मग केस द्या," फानसाहेब म्हणाले. "क्रांती कोणाचा हक्क बुडवत नाही."

अशा रीतीने माझ्या नवऱ्याची वेणी सुटली. हिशेबाने एकच केस बसत होता, पण समितीने उदार धोरण स्वीकारले. (बादशाहीत पुरुषांनाही वेणी सक्तीची होती; ती कापण्याचा हुकूमही त्याच सुमारास आला होता.) लग्न झाल्यापासून मी रोज विंचरलेली वेणी माझ्या हातात देऊन पोच घेण्यात आली. मी ती घरी आणली आणि बादशहा टांगला होता त्याच खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी भात घेऊन तुरुंगावर गेले. ह्यांनी गजांतून आधी विचारले, "बदकं खातायत ना नीट?" मग डोक्यावरून हात फिरवत, "काय गं, मी पोचलो का घरी?"

"थोडे पोचलात."

"उरलेला कधी येतो?"

"बाकीच्या राजांना विचारते," मी म्हणाले.

काम काही अवघड नव्हते. राजे रोज माझ्याच भट्टीवर किटल्या घेऊन येतात. किटली घेऊन आलेल्या पहिल्या राजा म्हणजे लूकाकू. "अगं, मी तर त्याला केव्हाच माफ केलंय, मनातल्या मनात! पण त्या खड्ड्यात उतरायचं म्हणजे... आणि आज गोधड्या वाळत घातल्यात बघ." न्हावी वेई म्हणाला, "वहिनी, सगळे निघाले की मला हाक मारा, मी आलोच." खू आजोबा म्हणाले, आपण एकदा खड्ड्यात दिसेनासे झालो, तेवढे पुरे. ज्यांनी मानेकडचा भाग नेला होता त्यांनी विषय बदलून हवेवर नेला. सगळे मनापासून हळहळले. पाणीही सगळ्यांनी नेले.

मला क्रांतीविषयी तक्रार नाही. तिने फार मोठी सोय केली. पूर्वी एकाच माणसाला वेळ नसायचा, आणि तोही दूर पेकिंगला. आता चाळीस कोटींना नसतो, आणि ते सगळे जवळच राहतात.

आमच्या गावाचे तुम्हाला हसू आले असेल. येऊ दे. राजांनी हसायचेच असते, आणि तुम्हीही आता कुठले ना कुठले राजेच आहात, असे ऐकते. मग तुमच्या नावाने आत कोण बसलाय, ते कधी उठून बघून आलात का?

नाही ना. असू दे, उठू नका. पाणी उकळलंय. किटली आणा इकडे.