दुर्बीण चार बोटे मागे बसविली त्याची हकीगत

श्री. जिजपुढे महाराजांचीही मान लवते ती एक जगदंबाच, तिला आधी दंडवत, मग महाराजांस मुजरा, मग वाचणारास रामराम. क्रमात चूक जाहली असल्यास माफी असावी, लिहिणारा पोराबाळांचा धनी आहे.

शके सत्राशे पंच्याण्णव, श्रीमुख नाम संवत्सर, ते साली राज्यात ऐसे वर्तमान जाहले जे, घाटाखालील रानात वाघ माणूस खाऊ लागला, लाकूडतोडे गेले, डाकेचा जासूद गेला, आणि रयत दिवसाढवळ्या दारांस कड्या घालोन बसू लागली. मग महाराजांस राग आला. वाघ माणसे खातो याचा राग नव्हे. रयत आम्हांपेक्षा वाघास जास्त भिते, याचा राग आला. मग विलायतेहून लांब पल्ल्याची बंदूक आणविली, आणि तिजबरोबर निराळ्या पेटीत पितळेची दुर्बीण आली, तीत डोळा लाविला असता लांबचे झाड अंगणात येते आणि मधोमध केसाएवढ्या तारांची फुली दिसते, फुली जेथे गोळी तेथे. ही दुर्बीण बंदुकीवर बसवावयाचे काम शिलेखान्याचे दारोगे सुभानजी आंगणे यांजकडे आले, आणि कामाबरोबर हुकूमही आला की, नेम चुकला तर दारोग्याचे शिर जाईल. आणि जोशीबुवांनी ऐसे काढिले की, दुर्बिणीत पहिली नजर महाराजांची पडावी आणि ती वाघावरच पडावी. त्याआधी दुसऱ्याचा डोळा लागला तर दुर्बीण उष्टी जाहली.

मग सुभानजींनी दोन कडी नळीवर पेचांनी आवळोन, त्यांत दुर्बीण सरकवोन, बंदूक हुजुरांत नेली. महाराजांनी ताठ बसोन दस्ता खांद्यास लाविला आणि डोळे मिटोन माप दिले. डोळ्यापासोन दुर्बीण पुढे राहिली, मान वाकवावी तेव्हा पोचावे. महाराज बोलिले, "आमची मान देवीपुढे लवते. दुर्बिणीने आम्हांकडे यावे, आम्ही दुर्बिणीकडे जाणार नाही." मग कडी उंच केली आणि दुर्बीण चार बोटे मागे घेतली, ती भिवईस टेकावयाची तेवढी राहिली, आणि महाराज म्हणाले, बरी बसली. बरी बसली म्हटल्यावर हलवील कोण?

परंतु फुली आणि गोळी एके ठिकाणी पडतात की नाही, हे डोळा लाविल्यावाचून कसे कळावे? न पाहावे तर शिर जाते, पाहावे तरी जाते. मग देवीच्या उत्सवाच्या तोफा सुटत असता त्या आवाजाच्या आडोशाने ते दगडाच्या खाणीत गेले, डोळा लाविला, बार काढिला. गोळी हातभर डावीकडे गेली, ते त्यांनी पेच फिरवोन नीट केले, आणि बंदुकीच्या धक्क्याने दुर्बिणीची कड भिवईवर ऐसी बसली की रक्ताची चंद्रकोर उमटली. घरी गेले तो बायको साळूबाईने जखम धुतली आणि म्हणाली, "पागोटं खाली वढा. कुनी इचारलं तर म्हना, उंबऱ्याला ठेचकाळून पडलो."

"उंबरा का गोल असतो?" सुभानजी म्हणाले.

"मंग पुढं सरकवा की ती नळी. राजाला लागली तर काय करनार?"

"सरकवली तर हुकूम मोडला. धक्क्याचं सांगितलं तर दुर्बिणीत पाहिलं हे कळलं." ऐसे म्हणोन ते भिंतीशी बसोन राहिले आणि जेवले नाहीत. मग उजाडल्यावर दिवाणजींकडे गेले, म्हणाले, दुर्बीण चार बोटे पुढे असावी, धक्का लागेल. दिवाणजींनी पागोट्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "दारोगे, हे तुम्हांस कशावरून कळले, ते मी विचारीत नाही. तुम्हीही बोलू नये." आणि दार लावोन घेतले.

मग पंधरवड्याने मुहूर्ताचे दिवशी मचाण बांधिले, खाली बोकड बांधिला, वाघ आला, महाराजांनी ताठ मानेने बार काढिला, दुर्बिणीने श्रीमुखावर घाव घातला, आणि वाघ बोकड घेऊन निघोन गेला. भिवईवरोन रक्त वाहू लागले. मग दिवाणजी हात जोडोन म्हणाले, "देवीने महाराजांस चंद्रकोर दिली." सर्वांनी माना डोलविल्या. दुसरे दिवशी दरबार भरला तो सर्व मानकऱ्यांच्या भिवईवर चंद्रकोरी, कोणी बांगडीच्या काचेने, कोणी गडव्याच्या काठाने, मी दौतीच्या काठाने केली, ती अजून खाजते, परंतु चारचौघांत खाजवीत नाही. महाराज एकेकास निरखीत सुभानजींपुढे थांबले. आमच्या सर्वांच्या जखमा ओल्या. त्यांची खपली पडोन खाली पांढरी कातडी आली होती.

"तुमची चंद्रकोर आमच्या आधीची दिसते," महाराज म्हणाले.

सुभानजी म्हणाले, "सरकार, दुर्बीण चार बोटे पुढे घेऊ द्यावी. मग शिर घ्यावे."

"शिर कशास? बोकड गेला आहे, तेथे बसावे. आम्ही आहोंच वर."

मग त्यांस बोकडाच्या खुंट्यास बांधिले. रानात पाने वाजली, परंतु सुभानजी रानाकडे पाहीनात. ते वर दुर्बिणीकडे पाहात होते, ती कोठवर बसविली आहे तिकडे. ती तेथेच होती. मग वाघ आला, महाराजांनी बंदूक उचलिली, मान ताठ ठेविली, आणि मागील घाव आठवोन दोन्ही डोळे गच्च मिटिले. ते मचाणावर सर्वांनी पाहिले आणि कोणी बोलिले नाही. मग बार जाहला.

साळूबाईकडे पागोटे पोचते केले. वाघ रानात आहे, दुर्बीण बसविली तेथे आहे. मात्र रयत आता वाघापेक्षा महाराजांस जास्त भिते. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.