डासांची ओळ

मैदानात बसल्यापासून तुकिरानला संशय येत होता की स्टेजवरचा म्हातारा गातच नाहीये.

"एक ओळ म्हणतो आणि माइक लोकांपुढे धरतो," तो मेव्हणीला म्हणाला. "बाकीचं आपण गायचं. तिकीट मात्र त्याचं."

"कुंचोरोच्या कार्यक्रमाला लोक गायलाच येतात," लास्मी उकडलेल्या शेंगा सोलत म्हणाली. "तूही गा."

पण तुकिरान एका जुन्या भांडणाचा निकाल लावायला आला होता. त्याची बायको सार्तिनी दर वर्षी इथे यायची. कुंचोरोच्या एका गाण्यात, कॅसेटवर, ओळ होती, 'परत ये, दार उघडं आहे.' सार्तिनी चुलीपुढे म्हणायची, 'परत ये, पण दार लावून घे, डास येतात.'

"प्रेमाच्या गाण्यात डास? हे तू घुसडलंस," तुकिरान म्हणायचा.

"स्टेजवर तो असंच म्हणतो. मी पुढे बसते, मला ऐकू येतं."

भांडण मिटायच्या आत सार्तिनी गेली. लास्मीची साक्ष त्याला मान्य नव्हती. बहिणी एकमेकींसाठी काहीही सांगतात.

गिटारवर ते गाणं सुरू झालं आणि सगळं मैदान गायला लागलं. कुंचोरोचे ओठ हलत होते, पण काय म्हणतोय ते देवालाच ठाऊक. तुकिरानने पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, जरा गप्प बसता का? माझी बायको वारली आहे. हे गाणं ऐकायचंय."

माणूस भला होता. त्याने शेजाऱ्याला सांगितलं, "गप्प बसा, यांची बायको वारली."

शेजाऱ्याने पुढच्या रांगेला सांगितलं, "मागे एक बाई वारली."

"कुठे?"

"इथेच, मैदानात."

मयताची बातमी कळल्यावर आपल्याकडे जावात कोणी चौकशा करत बसत नाही. एकेक रांग गप्प होत गेली. एका म्हाताऱ्याने दुआसाठी तळवे उघडले, मग सगळ्यांनीच उघडले. कुंचोरोने सवयीने माइक लोकांपुढे धरला, आणि मैदानातून एक आवाज येईना.

त्याने गिटार थांबवली. "कोण गेलं?"

मैदानाने तुकिरानकडे बोट दाखवलं.

"मी जिवंत आहे," तुकिरान उठून म्हणाला. "बायको गेली. पण आज नाही, गेल्या वर्षी."

लास्मीने पदराआड तोंड लपवलं.

"मग पुढची ओळ सांगा, बापाक," कुंचोरो आदराने म्हणाला. "मी आता विसरतो. म्हणून तर माइक देत असतो."

माइक हातोहात तुकिरानपर्यंत आला. त्याला कॅसेटवरची ओळ म्हणायची होती. तोंडातून सार्तिनीची निघाली, डासांसकट. सगळं मैदान हसलं.

कुंचोरो हसला नाही. "मी असंच लिहिलं होतं. कॅसेटवाल्यांनी डास काढायला लावले. स्टेजवर म्हणायचो, पण तुमच्या आवाजात कोण ऐकतंय?"

तुकिरानला हेही खरं वाटेना. पब्लिकपुढे अडकलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

तेवढ्यात कुंचोरोने डोळे मिटले आणि एकट्याने पुढची ओळ म्हटली, 'आणि पाय धुऊन आत ये.'

तुकिरान खाली बसला आणि रडायला लागला. सार्तिनी डासांनंतर हीच ओळ म्हणायची; ती कॅसेटवर नव्हती आणि त्याने कोणाला सांगितली नव्हती.

मागून कोणीतरी कुजबुजलं, "ठरवून आणलेला माणूस. असं रडणं फुकट मिळत नाही."

"झालं समाधान?" लास्मीने विचारलं.

"डासांचं मिटलं," तो बाहीने नाक पुसत म्हणाला. "पण पाय धुवायचं ती मलाच सांगते असं वाटायचं. एवढी वर्षं दारातून मागे फिरून धूत आलो. गाणंच होतं ते."

"तुलाच सांगत होती," लास्मी त्याच्या हातावर शेंगा ठेवत म्हणाली. "ती चुलीपुढे गायची त्या वेळेला घरी दुसरं कोण येत होतं?"