अंत थोड्याच वेळात येत आहे

"आज थेटरात एक माणूस जरी खुर्चीत बसलेला राहिला, तर माझं नाव बदला," असं भोंग्याने सकाळपासून चार वेळा सांगून झालं होतं. वास्तविक त्याचं नाव लोकांनी केव्हाच बदललेलं होतं. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या, हे काम तो बावीस वर्षं करत होता आणि सगळं गाव त्याला भोंगाच म्हणायचं. बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणायची.

पण आता दिवस पालटणार होते. परदेशातला एक भुताखेतांचा सिनेमा आपल्या भाषेत येत होता. त्यात आभाळ फाटतं, थडगी उकलतात आणि एक चार शिंगांचा सैतान येऊन जगाचा निकाल लावतो. त्या सैतानाला आवाज भोंग्याचा होता. झालं असं, की सिनेमाला आवाज देणारी माणसं गोळा करणारे एक साहेब गाडी चुकल्यामुळे बसस्थानकावर तीन तास अडकले होते. तिसऱ्या तासाला ते खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "जग संपायचं असेल तर ते याच आवाजाने संपेल." भोंग्याने ही स्तुती मानली. त्यांनीही ती खोडून काढली नाही.

तेव्हापासून भोंगा जमिनीवर नव्हता. आरशासमोर उभा राहून तो दात विचकायचा. त्यातच सासरे आठ दिवस राहायला आले. सासरे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. चौदा वर्षांत त्यांनी जावयाचं एका शब्दाने कौतुक केलं नव्हतं. "जावई बसस्थानकात असतो," असं ते लोकांना सांगायचे, पण विसरून राहिलेल्या पिशवीबद्दल सांगावं तसं. सासऱ्यांची एकदा तरी बोबडी वळवायची, एवढी एकच इच्छा भोंग्याला उरली होती. आणि त्यानंतर ती खिडकी कायमची सोडायची. बायको म्हणाली, आधी कोणी घाबरतंय का ते तर बघा, मग काय ते सोडा. पण ऐकून घेईल तो भोंगा कसला. ऐकवायचंच काम केलेलं आयुष्यभर.

दुपारच्या खेळाला तो सगळ्यांना घेऊन गेला. त्याचे साहेब, म्हणजे आगारप्रमुख, यांनाही त्याने आग्रहाने बोलावलं होतं. दारातच त्याने त्यांच्या हातात एक चिकटवलेलं पाकीट ठेवलं आणि मध्यंतरात उघडा म्हणून सांगितलं. आत राजीनामा होता. आदल्या दिवशी दोन गाड्या पुकारण्याच्या मधल्या वेळेत त्याने तो एका दमात लिहिला होता, आणि पुन्हा वाचायची गरज त्याला वाटली नव्हती.

सिनेमा सुरू झाला. पहिला तासभर सैतान आलाच नाही. आभाळ लाल व्हायचं, नायक पळायचा, थांबायचा, "कोण आहे तिकडे?" विचारायचा आणि पुन्हा पळायचा. तिकडे कोणीच नसायचं. थेटर बसस्थानकाला लागूनच असल्यामुळे निम्मे प्रेक्षक दुपारच्या गाडीची वाट बघणारे होते. आत गार हवा, मऊ खुर्ची. मांडीवर पिशव्या घेऊन मंडळी सरळ झोपी गेली. दोन बायका स्वेटरच्या गळ्याला किती टाके घालायचे यावर बोलत होत्या, आणि पडद्यावरची भुतं मध्ये किंचाळली की त्यांना आवाज चढवावा लागत होता. सासरे तर घोरत होते. भोंग्याने त्यांना कोपराने हलकेच ढोसलं आणि कुजबुजला, "आता मी येतोय."

धूर झाला. जमीन दुभंगली. चार शिंगं वर आली. कागदावर संवाद होता, 'मर्त्यांनो, ऐका! तुमचा विनाश आला आहे!' पण ध्वनिमुद्रणाच्या दिवशी समोर माईक दिसला मात्र, बावीस वर्षांची जीभ आपल्या वळणावर गेली होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला जेवायची घाई होती, त्याने ते तसंच राहू दिलं. भोंग्याच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं नव्हतं. ते आज कळलं.

"मानवांनी कृपया लक्ष द्यावे," सैतान म्हणाला. "जगाचा अंत थोड्याच वेळात येत आहे."

आणि मग सगळं थेटर उभं राहिलं. बोलल्याप्रमाणे अगदी एकही माणूस खुर्चीत उरला नाही. झोपलेले दचकून उठले, पिशव्या सापडेनात, कोणाची कोणाच्या हातात गेली. चार जण दाराकडे धावले. सासरे वाकून चपला शोधायला लागले.

"कुठल्या फलाटावर?" अंधारातून कोणीतरी विचारलं.

"मध्ये थांबतो का हो तो?" एका म्हातारीने विचारलं.

"विनाथांबा आहे, आजी. बसा खाली."

मग जो हशा उसळला, तो थांबेना. पडद्यावर शहर जळत होतं, इमारती कोसळत होत्या, आणि त्या राखेवर उभा राहून सैतान म्हणाला, "होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." टाळ्या पडल्या. टाके मोजणाऱ्या बायकांनीसुद्धा विणकाम बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

सैतान म्हणून आपल्याला आता कोणी उभं करणार नाही हे भोंग्याला कळून चुकलं, आणि त्याच दमात ते पाकीट आठवलं. तो उठला, लोकांचे पाय तुडवत, माफी मागत, ओणवा होऊन साहेबांच्या रांगेकडे निघाला. अर्ध्या वाटेतच दिवे लागले. मध्यंतर झालं होतं. तो पोहोचला तेव्हा साहेबांच्या हातात उघडलेला कागद होता.

"साहेब, ते जरा परत द्या," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"का? वाचला मी." साहेबांनी चष्मा नीट केला आणि मोठ्यांदा वाचलं. "महोदयांनी कृपया लक्ष द्यावे. माझा राजीनामा थोड्याच वेळात येत आहे."

भोंग्याचं तोंड उघडंच राहिलं. असं लिहिलंय आपण?

"येत आहे म्हणताय. आलेला नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "तुम्ही 'थोड्याच वेळात' म्हटलेली गाडी बावीस वर्षांत मी आलेली पाहिली नाही. तेव्हा निवृत्तीपर्यंत काळजी नाही. उद्या सकाळी सहाला खिडकीत बसा." कागदाची घडी घालून त्यांनी ती त्याच्या खिशात ठेवली. भोंग्याला इतकं हायसं वाटलं, की डोळ्यांत पाणीच आलं. बायको मागे येऊन उभी होती. तिने नुसती त्याच्या पाठीवरची धूळ झटकली.

दुसऱ्या दिवशी सासरे परत निघाले. भोंग्याने घसा साफ केला आणि फार जपून, एकेक शब्द तोलून त्यांची गाडी पुकारली. सगळं बसस्थानक त्याच्याकडे बघून हसत होतं. सासरे बॅग घेऊन खिडकीपाशी आले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच ते त्याची घोषणा शेवटपर्यंत ऐकून आले होते.

"जावईबापू, आवाज चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. भोंग्याचा ऊर भरून आला. सासरे आणखी जवळ वाकले. "पण खरं सांगा, आधी गाडी येणार की जगाचा अंत?"

भोंग्याने मान खाली घातली आणि माईक बंद आहे ना, ते आधी नीट बघून घेतलं.

"जगाचा अंत, मामा," तो म्हणाला. "तुम्ही सावलीत बसा."