आठल्ये काकांची पाठ

आठल्ये काका खिशात झेंडे घेऊन फिरत. रुमालाएवढे, पाच रंगांचे, स्वतः मशीनवर शिवलेले. गणपतीत माइक कुणी धरायचा यावरून आमच्या मंडळाचे अध्यक्ष आणि चिटणीस ‘अहो’वरून ‘अरे’वर आले की काका मागच्या रांगेत खुर्चीवर चढत आणि पिवळा झेंडा डोक्यावर हलवू लागत. पिवळा म्हणजे पुढे अपघात झालाय, वेग कमी करा, कुणी कुणाला ओलांडू नका. प्रमुख पाहुणे ‘शेवटी एवढंच सांगतो’ असं तिसऱ्यांदा म्हणाले की पांढरा. ही शेवटची फेरी. तरी थांबले नाहीत तर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा, आणि मग आम्हीच टाळ्या वाजवून पाहुण्यांना खाली बसवत असू.

जेवणाच्या रांगेत निळा निघे. मागून तुझ्यापेक्षा वेगवान माणूस येतोय, वाट दे. माझी बायको शुभदा एकदा श्रीखंडापाशी रेंगाळली, तेव्हा तिलाही दाखवला.

“काका, मागे कुणीच नाहीये!”

“मी आहे ना!” काका म्हणाले आणि वाटी पुढे केली.

पोरं त्यांच्याभोवती नाचत, “काका, डू द रेड वन!” काका मान हलवत. “तो विनोदाचा नसतो रे बाळा.” लाल झेंडा त्यांनी मंडळात कधी काढलेला मला आठवत नाही.

काका मूळचे मिरजेचे. अमेरिकेत आले तेव्हा मिशिगनमधल्या आमच्या या नोव्हाय गावात भारतीय माणूस दिसला तर गाडी थांबवून चौकशी करत, असं ते सांगत. सगळी नोकरी मोटारींच्या ब्रेकवर काढली. “इथे सगळे पळवायच्या मागे. मी एकटा थांबवायच्या,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि उन्हाळ्यात, महिन्यातून दोन शनिवार-रविवार, हा ब्रेकवाला माणूस ओहायोतल्या मोटरसायकलच्या शर्यतींना जाऊन वळणावर झेंडेवाला म्हणून उभा राहायचा. व्यावसायिक शर्यती, ताशी दीडशे मैलांच्या पुढच्या. पगार नाही. दुपारी एक सँडविच आणि वर्षाला एक टोपी. सँडविच ते दुसऱ्या कुणाला तरी देत, कारण डब्यात दहीभात असे. तिथले लोक त्यांच्या नावाचा तुकडा पाडून त्यांना ‘वॅस’ म्हणत. झेंडेवाल्यांनी पांढरे कपडे घालायचे असतात. काकांचे स्टार्च केलेले, कडक इस्त्रीचे. त्या गोऱ्या, तेलकट, तंबाखू चघळणाऱ्या माणसांत ते लग्नाला आलेल्या व्याह्यासारखे दिसत.

सुमनकाकू गेल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे २००४ साली, काकांनी मला सोबत न्यायचं ठरवलं. मुलगा सिअ‍ॅटलला, त्याचा फोन दिवाळीला आणि वाढदिवसाला. मी त्यांच्या जुन्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर संगणकाचं काम करणारा, चाळिशीला टेकलेला, घोळात न पडणारा माणूस. नाही म्हणता आलं नाही म्हणून हो म्हणालो.

शिक्षण इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये झालं. वळणावर दोघं उभे राहतात, पाठीला पाठ लावून. एकजण येणाऱ्या गाड्यांकडे बघतो, त्याच्या हातात निळा. दुसरा जाणाऱ्या गाड्यांकडे बघतो, त्याच्या हातात पिवळा. पुढे कुणी पडलं की त्याने तत्क्षणी पिवळा हलवायचा, म्हणजे मागून येणारे सावध होतात. आपल्या पाठीमागे काय चाललंय ते बघायला कुणीही, कधीही वळायचं नाही.

“पाठ माझी, डोळे तुझे,” काका म्हणाले. “तुझ्या अंगावर गाडी येत असेल तर मी ओरडेन. तू वळायचं नाही. वळलास की दोन माणसं एकीकडे बघतात आणि एकीकडे कुणीच नाही.”

मग आम्ही पाठीला पाठ लावून भाजीच्या ढकलगाड्यांवर सराव केला. एका बाईंची गाडी उतारावरून सुटली, तेव्हा मी नियमानुसार पिवळा हलवला. त्या बाईंनी ती गाडी माझ्या हलवण्यामुळेच सुटली असं दुकानदाराला सांगितलं.

एकदा मी त्यांना म्हटलं होतं. तुमचा तिथला एखादा फोटो दाखवा ना. काका म्हणाले, “नाही. वळणावर कॅमेरा चालत नाही. सुमन दरवर्षी म्हणायची, त्या पांढऱ्या कपड्यांतला एक तरी काढून आणा. राहिलाच.”

आता मी जे सांगणार आहे ते शुभदाला सांगितलं तेव्हा त्यात पाण्याची बाटली होती. काकांना ठसका लागला, मी पाणी द्यायला वळलो, तेवढ्यात झालं, असं मी सांगितलं. पुढे मलाही तो ठसका ऐकू येऊ लागला होता. ठसका लागला नव्हता. बाटली नव्हती. कॅमेरा होता.

त्या रविवारी पहाटे पाऊस पडून गेला होता. ट्रॅक कुठे वाळलेला, कुठे ओला. पहिल्याच फेरीत दोघे पडले, चालत बाहेर आले. लाल झेंडा निघाला, म्हणजे शर्यत थांबली, आणि पुन्हा सुरू झाली. मग लांबच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी एकजण असा उडाला की त्याला न्यायला हेलिकॉप्टर आलं. पुन्हा लाल झेंडा. आमच्या डोक्यावरून ते हेलिकॉप्टर गेलं तेव्हा काकांनी टोपी काढली आणि ते दिसेनासं होईपर्यंत हातात धरून उभे राहिले. “आज नको होतं पोरांना ट्रॅकवर सोडायला,” एवढंच म्हणाले. तिसऱ्यांदा शर्यत सुरू झाली.

आमचं वळण चढावर होतं. गाड्या चढून वर येत, आमच्यासमोरून जात आणि पलीकडच्या उतारावर दिसेनाशा होत. उतारावर काय आहे ते येणाऱ्याला माथ्यावर पोचेपर्यंत दिसायचं नाही. त्यांच्यासाठी माझा पिवळा झेंडा हीच काय ती नजर.

नवा डिजिटल कॅमेरा मी पँटच्या खिशात लपवून आणला होता. ऑफिसमध्ये दाखवायला, मंडळाच्या अंकात द्यायला. काकूंचं राहून गेलेलं काम मी करतोय असंही मनाशी म्हटलं असेन, पण ते नंतर, लाज लपवायला. उताराकडे बघून बघून मला कंटाळा आला होता हे खरं. मी झेंडा काखेत धरला आणि वळलो. समोर काकांची पाठ. पांढरा शर्ट, घामाने मधोमध ओला झालेला, हातात निळा झेंडा, आणि त्यांच्यापलीकडून चढ चढून येणाऱ्या गाड्या. मी बटण दाबलं.

माझ्या पाठीमागे उतारावर एक गाडी तेव्हा आडवी पडली होती. स्वार उठून गवतात पळाला. गाडी रस्त्यात तशीच. मागून आलेला पहिला कसाबसा चुकवून गेला. दुसरा चुकवू शकला नाही. मी तो आवाज ऐकून वळलो आणि मग झेंडा हलवायला लागलो. किती जोरात हलवला! खांदा दुखेपर्यंत हलवत होतो. काकांनी मागे न बघता विचारलं, “कधीचा पडलाय?” मी नुसता झेंडा हलवत राहिलो.

तो दुसरा मुलगा केव्हिन. बावीस वर्षांचा.

शर्यत रद्द झाली. तासाभराने अधिकाऱ्यांपैकी एकजण छोट्या गाडीतून आमच्याकडे आला. कागद पुढे करून विचारलं, पिवळा कुणाकडे होता?

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी काका बोलले. “पिवळा माझ्याकडे होता, हा नवीन आहे, याला मी निळ्यावर ठेवलं होतं. माझं लक्ष उडालं.” मग खिशातून पेन काढून त्यांनी सही केली. त्या माणसाने मला विचारलं, बरोबर? मी मान हलवली. हो म्हणून.

परतीच्या साडेतीन तासांत काका एकच वाक्य बोलले. टोलीडोच्या अलीकडे पेट्रोल भरताना, पंपाच्या आकड्यांकडे बघत.

“तुझी ग्रीन कार्डची फाइल कुठवर आलीय रे मिलिंद?”

“मे महिन्यात गेलीय काका.”

“हं.”

त्या कागदाचा आणि माझ्या फाइलीचा काडीचा संबंध नव्हता. पण व्हिसावरचा माणूस लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तरी वकिलाला फोन करतो. काकाही एके काळी त्यातूनच गेले होते.

ट्रॅकवरून त्यांना पत्र आलं. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार, यापुढे येऊ नये. मंडळात मी सांगितलं, काकांनी वयामुळे सोडलं. लोक म्हणाले, बरं झालं, कुणी सांगितलाय तो धोका! काकांनी पिवळा झेंडा मंडळात आणणं बंद केलं. दुसऱ्या वर्षी अध्यक्ष आणि चिटणीस यांचं भांडण तासभर चाललं, कारण मध्ये कुणी उठलंच नाही.

पुढे ते प्राथमिक शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देण्याच्या कामावर लागले. हातात ‘थांबा’ची लाल पाटी. तिथेही एकदा रमतगमत चालणाऱ्या मुलाला निळा झेंडा दाखवला, म्हणून मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. हे मला शुभदाने हसत हसत सांगितलं. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं होतं. काका फोन करत, मी मीटिंगमध्ये आहे म्हणत असे.

तीन वर्षांनी ग्रीन कार्ड आलं. शुभदाने पेढे केले आणि डबा माझ्या हातात दिला. “पहिले काकांना देऊन ये. तुला झालंय काय? त्या माणसाने तुला मुलासारखं वागवलं.”

काका गॅरेजमध्ये होते. जमिनीवर पोतं अंथरून बसलेले, समोर लोखंडाचा लांब दांडा, सांधे, स्प्रिंगा.

“ये. धर जरा हे टोक.”

“हे काय आहे?”

“हाताने ब्रेक लावायचा दांडा. बाजारात मिळतात, पण त्यांचा ब्रेक धसकन लागतो. मी जरा मऊ करतोय.” मग कानस चालवत म्हणाले, “केव्हिनचा उजवा गुडघा वाकत नाही. काठीने चालतो. पण गाडी चालवायची म्हणतोय, चांगलं लक्षण आहे.”

मी टोक धरून उभा राहिलो.

“तुम्ही... जाता त्याच्याकडे?”

“टोलीडोला तर आहे. एका शनिवाराआड जातो.”

“कधीपासून?”

“हॉस्पिटलातून घरी आला तेव्हापासून. पहिल्यांदा गेलो तर दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा काठी फेकली. नेम चांगला आहे. तिसऱ्यांदा आईने कॉफी दिली, तो आतून शिव्या देत होता. म्हणजे बरा होत होता.” काका हसले. “आता एवढं नाही बोलत. फक्त कधीकधी विचारतो, वॅस, तू कुठे बघत होतास?”

“आणि तुम्ही काय सांगता?”

“काय सांगणार? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. टोमणा असता तर मी सोसला असता. तीन वर्षं त्या मुलाने विचारलेला प्रश्न ते माझ्या वतीने ऐकून घेत होते आणि उत्तर त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांची पाठ होती ना माझ्याकडे.

मी पेढ्यांचा डबा खाली ठेवला आणि पाकीट काढलं. तो फोटो मी छापून घेतला होता. पुसून टाकायला कॅमेरा कितीदा हातात घेतला, पण पुसला नाही. का, ते विचारू नका. पाकिटात परवान्याच्या मागे तीन वर्षं होता, कडा मऊ झालेल्या. काकांनी हात पुसले, चष्मा लावला, फोटो गॅरेजच्या दाराशी उजेडात नेला.

त्यात सगळं आहे. काकांची पाठ आहे, त्यांच्या हातातला निळा आहे, येणाऱ्या गाड्या आहेत. आणि खालच्या कोपऱ्यात, माझ्या काखेतून लोंबणाऱ्या पिवळ्या कापडाचं टोक आहे. ते कुठे बघत होते आणि मी कुठे बघत होतो हे समजायला दुसरं काही लागत नाही.

काकांनी फोटो चष्म्याजवळ धरला. ते ओरडतील असं वाटलं. ओरडावं असंही वाटलं.

“पाठ ताठ आहे रे,” ते म्हणाले.

“काका, मी—”

“सुमनला आवडला असता. शर्ट तेवढा भिजलाय.” त्यांनी फोटो मला परत दिला. हात पुन्हा कानशीकडे गेला, पण ती उचलली नाही. “माझ्यासाठी याची एक वेगळी प्रत काढून आण, तिच्या फोटोशेजारी लावीन. हा माझा नाही.”

“मग कुणाचा?”

“शनिवारी सकाळी आठला निघतो मी.”

शनिवारी मी गेलो. रस्ताभर काका ब्रेकच्या स्प्रिंगांबद्दल बोलत होते. केव्हिनचं घर एकमजली, पायऱ्या काढून लाकडी उतार केलेला. तोही काकांनीच केला असावा, कठडा मिरजेच्या घरांना असतो तसा होता. दारापाशी पोचल्यावर माझे पाय थांबले. मला वाटलं काका पुढे होतील, नेहमीसारखं माझ्या आधी बोलतील.

ते पुढे झाले नाहीत. दांडा कठड्याला टेकवून ठेवला, सदरा खाली ओढला आणि वळून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकली.

“इकडे मी बघतो,” ते म्हणाले.

मी फोटो हातात घेतला आणि बेल दाबली. आतून काठीचा आवाज जवळ येऊ लागला.